खोकडं काय म्हणतात

कोल्हा म्हटलं की शहरातल्या माणसाला दोनच गोष्टी ठाऊक असतात. तो लबाड असतो आणि त्याला द्राक्षं आंबट लागतात. आमच्या शिवारात द्राक्षं नव्हतीच. काकड्या होत्या, आणि त्या कोल्हा असा चवीनं खायचा की कोल्हा काकडीला राजी ही म्हण आमच्याच बांधावर जन्मली असावी, असं मला लहानपणी वाटायचं. पण मला सांगायचंय ते कोल्ह्याबद्दल नाही. आमच्याकडं कोल्हा वेगळा आणि खोकड वेगळं. कोल्हा नाल्यातला, मोठा, रात्री टोळीनं ओरडत हुक्की देणारा. खोकड माळावरचं, मांजरापेक्षा थोडं थोराड, शेपटीचं टोक काळं, आणि जोडीनं राहणारं. लोक दोघांनाही कोल्हाच म्हणतात. आबांना त्याचा राग यायचा. भावकीतल्या माणसानं नातं चुकवलं तरी इतका यायचा नाही.

आबा म्हणजे माझे वडील. लोह्याच्या पुढं आमचं गाव, आणि गावापासून लांब आमचं शेत. शेतातच घर होतं. शेतातल्या अशा घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. गावात जागा होती, पण आबांचं गावात जमायचं नाही. दोन माणसं एकत्र आली की तिसऱ्याची मापं काढतात, असं त्यांचं गावाबद्दलचं मत होतं, आणि ते स्वतः माळावरच्या खोकडांची मापं काढत बसायचे. मी आणि माझा मोठा भाऊ तिथंच वाढलो.

खोकडाचे आवाज आबांनी मला शिकवले. शिकवले म्हणजे धडा घेऊन नाही. संध्याकाळी बाजेवर बसून तंबाखू मळत असायचे, माळावरून आवाज यायचा आणि ते हात थांबवून सांगायचे. चकचकचक असा, वाळल्या शेंगा तडतडाव्यात तसा कर्कश आवाज आला की खोकड बिळाबाहेर आलंय आणि शेजारच्याला सांगतंय की हा बांध माझा. आबा म्हणायचे, याच्यात आणि आपल्या चुलत्यात फरक एवढाच, खोकड कोर्टात जात नाही. एकदाच तुटक भुंकलं आणि मग चिडीचूप झालं, तर कोणीतरी येतंय. आणि खरोखर थोड्या वेळानं कोणाची तरी फटफटी पाणंदीतून वर यायची. उन्हाळा लागायच्या आधी बिळाजवळ घशातल्या घशात गुरगुर ऐकू यायची. ती मादी पिलांना आत घालतेय. आणि थंडीत एक चिरका, लांबलचक आवाज यायचा, तो ऐकून गावातल्या बाया भालू, म्हणजे म्हातारी कोल्हीण, रडली म्हणायच्या आणि दारातली चप्पल उलटी करून ठेवायच्या, कारण भालू रडली की गावातलं माणूस जातं. आबा हसायचे. भालू बिलू काही न्हाई, लगीनघाई हाय त्याची, म्हणायचे. त्यांचं किती खरं आणि किती पदरचं, ते त्या खोकडांनाच ठाऊक. मी मात्र सगळं खरं मानलं.

एक आवाज मी आबांच्या सांगण्याविना शिकले. शेजाऱ्यानं रानडुकरासाठी बांधाला तारेचा फास लावला होता. त्यात खोकड अडकलं. मी तेव्हा नववी-दहावीत असेन. मी आणि आबा दोघंही धावलो. ते जनावर तारेत कंबरेपाशी आवळलं होतं आणि ज्या आवाजात ओरडत होतं तो आवाज मी कधीही विसरले नाही. छातीतून निघून वर चढणारा, फाटणारा, आणि पुन्हा छातीतून निघणारा. आबा पक्कड आणायला पळाले. ते परत येईपर्यंत सगळं शांत झालं होतं. मी तिथंच उभी होते, अगदी जवळ. त्यानंतर कितीतरी दिवस जेवताना तो आवाज कानात यायचा आणि मी ताट सारून उठायचे.

आणि एक आवाज होता जोडीचा. नर या अंगाला, मादी त्या अंगाला, मध्ये सगळा माळ. एकानं आवाज द्यायचा, दुसऱ्यानं द्यायचा, की दोघंही आपापल्या उद्योगाला लागायची. ते काय म्हणतात, असं मी आबांना विचारलं होतं. आबा म्हणाले, काय म्हणणार, हाय का म्हणतंय एक, दुसरं म्हणतंय हाय.

आबा हे सांगायचे तेव्हा माय चुलीपाशी बसून गालातल्या गालात हसायची. त्याचं कारण आम्हाला ठाऊक होतं. आबांनी मायला जन्मात नावानं हाक मारली नाही. त्या पिढीत कोणीच मारत नसे. पण बाकीचे पुरुष निदान अगं किंवा ऐकलं का म्हणायचे, नाहीतर पोराच्या नावानं हाक मारून बायकोला बोलवायचे. आबांची तऱ्हा निराळी. दिवस मावळला की नाल्यापलीकडच्या शेवटच्या बांधावर उभं राहून ते हाळी द्यायचे. हूऽऽ अशी खालून निघून वर जाणारी. त्यात शब्द नव्हता, नाव नव्हतं. माय आखाड्याच्या दारात यायची आणि ओऽऽ द्यायची. मगच आबा बांधावरून हलायचे, आणि पोचायचे तेव्हा माय पाण्याचा तांब्या घेऊन दारात असायची. माय कामात असली, तिला ऐकू गेलं नाही, तर दुसरी हाळी, तिसरी हाळी, पण ओ आल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. ह्यांना वरडल्याबिगर घर सापडत न्हाई, अशी मायची कायमची तक्रार असे. पुढं खिशात मोबाईल आला. तो आम्हा लेकरांसाठी. मायसाठी हाळीच राहिली.

आम्ही दोघं भावंडं त्यांना खोकडाची जोडी म्हणायचो. माय फुंकणी उगारायची, आणि आबांना मनातून ते आवडायचं हे आम्हाला दिसायचं.

भाऊ नोकरीनिमित्त नांदेडला गेला, मी लग्न होऊन लातूरला आले. लातूर म्हणजे क्लासचं गाव. बाहेरगावची पोरं इथं डॉक्टर व्हायला येतात आणि आमच्यासारख्या बायकांच्या हातचं खाऊन जगतात. मी पोरांचे डबे करते. सकाळ-संध्याकाळ घरात कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सर. या गोंगाटात मी पंचवीस वर्षं काढली, तरी मला आवाज कळतात याचा मला तोरा होता. कोणत्या पोराची पायरीवरची चाल कोणती, कोण घरच्या आठवणीनं खोकल्याचं सोंग करतंय, मी न बघता सांगायचे. आबांची लेक म्हणून मला ते येतं, असं मी नवऱ्याला ऐकवायचे.

गेल्या हिवाळ्यात मायचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं पार धुरकटले. सोयाबीन निघालं, हरभरा उगवून वर आला, तेव्हा कुठं ती निघायला तयार झाली. ऑपरेशन लातूरला करायचं आणि बरं वाटेपर्यंत माझ्याकडं राहायचं असं ठरलं. आबा एकटे आखाड्यावर थांबले. लेकीच्या घरी राहणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं आणि भावाच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांना चक्कर यायची. लोह्याच्या स्टँडवर त्यांनी मायला एसटीत बसवून दिलं. ती सांगत होती, गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे होते, पण तोंडातून शब्द काढला असेल तर शपथ.

मायचा पहिला डोळा झाला. दुसरा व्हायचा होता. आणि त्या मधल्या दिवसांत आबांच्या अंगावरून बांधावरच वारं गेलं. शेजारच्या शेतातल्या माणसाला ते हरभऱ्यात पडलेले सापडले. भावानं गाडी करून नांदेडला नेलं. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

मी मायला क्लासचं एक पोरगं आजारी आहे, दिवसभर दवाखान्यात थांबावं लागेल असं सांगून घराबाहेर पडले आणि नांदेडला जाऊन आले. आबांनी मला ओळखलं. डाव्या हातानं माझं मनगट धरलं. डोळ्यांतून पाणी काढलं. बोलायला गेले तर ओठ नुसते थरथरले. मी येताना एसटीत तोंडाला पदर लावून रडले आणि लातूरच्या स्टँडवर नळाखाली तोंड धुऊन घरी आले.

कारण मायला सांगायचं नव्हतं. आमच्याकडं डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला वाईट बातमी देत नाहीत. डोळ्यातून पाणी आलं की डोळा जातो. माझी एक मावशी होती, तिचा डोळा नुकता झाला होता आणि तिला जाऊबाईच्या मरणाचं सांगितलं. ती रडली आणि डोळा गेला, असं साऱ्या भावकीला पाठ आहे. आता डॉक्टर सांगतात, पूर्वीसारखे टाके नसतात, रडण्यानं काही होत नाही. पण धोका कोण घेणार? भावानं, वहिनीनं, मी, माझ्या नवऱ्यानं, सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं, दुसरा डोळा होऊ द्या, मग सांगू. आजारी माणसाला डावलायचं म्हणून कोणी असं ठरवत नाही. आम्ही मायेपोटीच ठरवलं, आणि इतकं चोख पाळलं की आज त्या चोखपणाचीच मला चीड येते.

मायला सांगितलं, आबांचं बीपी वाढलंय, भाऊ आरामाला नांदेडला घेऊन गेलाय. ती म्हणाली, फोन लाव. आम्ही म्हणालो, झोपलेत. दुसऱ्या दिवशी, अंघोळीला गेलेत. मग म्हणालो, त्यांचा फोन बिघडला. ती काळा चष्मा लावून पुढच्या खोलीत बसायची आणि संध्याकाळी दिवा लावला की मला विचारायची, जेवले असतील का. मी म्हणायचे, जेवले, आत्ताच वहिनीनं सांगितलं. खोटं इतकं सराईत झालं होतं की भाजी कोणती तेही मी सांगायचे.

मग भावाचा फोन आला. दवाखान्यातून घरी आणल्यापासून आबा रोज संध्याकाळी ओरडायला लागले होते. दिवसभर शांत, आणि दिवस मावळला की सुरू. थांबायचंच नाव नाही. शेजारच्या घरात बाळंतीण होती, तिचं तान्हं दचकून उठायचं, तिचा नवरा दारावर येऊन उभा राहायचा. वहिनी भ्यायची. भाऊ म्हणाला, डॉक्टरला ऐकवायला रेकॉर्ड केलंय, तुलाही पाठवतो, तुला आवाजातलं कळतं, सांग काय होतंय त्यांना.

मी गॅलरीत जाऊन, मायला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बारीक करून, फोन कानाला घट्ट लावला. भावानं मोबाईल आबांच्या तोंडाशी धरला असणार. त्यांचा श्वास, घशाची घरघर, आणि मग छातीतून निघून वर चढणारा, फाटणारा तो आवाज. तारेतलं खोकड डोळ्यांपुढं उभं राहिलं. मी पुन्हा ऐकलं नाही. ऐकवेना. भावाला फोन करून म्हणाले,

"भाऊ, दुखून राहिलंय त्यांना. लई दुखून राहिलंय. लुळा खांदा निखळला असंल. डॉक्टरला सांग, माणूस दुखण्यानं वरडून राहिलाय."

भावानं तेच सांगितलं. डॉक्टरनं तपासलं, दुखणं सापडलं नाही, पण घरच्यांचं समाधान व्हावं म्हणून आणि आबांना आराम पडावा म्हणून झोपेची गोळी दिली. दुपारच्या चहाबरोबर द्यायची. ती दिली की आबा संध्याकाळ झोपेत काढायचे आणि अंधार पडून गेल्यावर जागे व्हायचे. ओरडणं थांबलं. शेजारचं बाळ झोपायला लागलं. भाऊ म्हणाला, बरं झालं तुला विचारलं. मलाही बरं वाटलं. आबांचं दुखणं मी लातुरात बसून ओळखलं, असं मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

मायचा दुसरा डोळा झाला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. मी संध्याकाळच्या डब्यांच्या पोळ्या लाटत होते. भावाचा निरोप वाजला. दुपारची गोळी राहून गेली आणि आबा पुन्हा ओरडले, असं त्यानं लिहिलं होतं, आणि खाली नवं रेकॉर्डिंग. माझे हात पिठाचे. ओट्यावरच्या फोनवर मी करंगळीनं दाबलं आणि तो मोठ्यानं वाजला. या वेळी भावानं दुसऱ्या खोलीतून रेकॉर्ड केलं असावं, आवाज लांबून येत होता. माझा पंखा घरघरत होता, तवा तापला होता, बंद करायला मी पीठ न लागलेलं बोट शोधत होते.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून ओऽऽ आली.

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. ती ओ मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. लातूरच्या घरात, दोन भिंतींपलीकडून, आखाड्याच्या दारातली ओ. आणि तिच्यामुळं मला फोनमधला आवाज एकदम ऐकू आला. मी जन्मभर ती हाळी मायच्या बाजूनं ऐकली होती, नाल्यापलीकडून, वाऱ्यानं पातळ झालेली. तोंडाशी कान लावून कधी ऐकलीच नव्हती. मला आवाज कळतात म्हणे.

माय भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आली. काळा चष्मा डोळ्यांवर होता. चाचपडत माठापाशी गेली, तांब्या भरला आणि दाराकडं वळली. अर्ध्या वाटेत थांबली. हे तिचं घर नव्हतं आणि दाराबाहेर जिना होता, हे तिच्या ध्यानात आलं असावं. तांब्या तसाच हातात धरून ती माझ्याकडं वळली आणि हळू आवाजात म्हणाली, कुठं हायत ते.

मी सगळं सांगितलं. बांध, लकवा, वाचा, ओरडणं, गोळी. सांगताना मी रडत होते, ती नाही. पोळी तव्यावर जळून गेली. मी गॅस बंद केला. तिनं तांब्या ओट्यावर ठेवला.

"मला हाळी देऊन राहिले ते," ती म्हणाली. "आन् तुम्ही त्यांना झोपवून राहिले."

मी डोळ्याचं काहीतरी बोलायला गेले. तुझ्या डोळ्यासाठीच, माय. ती म्हणाली, डोळा कशाला दुरुस्त केला मग, तुझ्या भिंती बघायला? आयुष्यात तिनं मला एवढं कडू एकदाच ऐकवलं, आणि ते मला ऐकून घ्यावंच लागलं.

त्याच पावली निघायची तिची तयारी होती. गाडी सकाळचीच होती. मी भावाला फोन करून गोळी देऊ नको म्हणाले, का ते मात्र मला फोनवर बोलता येईना. पोरांना डबे बंद म्हणून कळवलं. सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. अहमदपूर गेलं, लोहा आलं. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मला भीती होती की ती इथं उतरते म्हणेल, आखाड्यावर चल म्हणेल. तिनं खिडकीकडं मान वळवली नाही. नांदेडला रिक्षा केली. तिसऱ्या मजल्याचे जिने ती कठड्याला धरून चढली, मध्ये एकदाही बसली नाही.

आबा जागे होते. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ त्यांचा पलंग होता. माय जवळ गेली, चष्मा काढून ठेवला आणि त्यांचा चांगला हात हातात घेतला. त्यांनी तिला पाहिलं. तोंडाचा डावा कोपरा हलला. तिचा पदर त्यांनी मुठीत धरला आणि सोडलाच नाही, ती पाणी प्यायला उठली तरी तिच्याबरोबर मूठ वर आली. वहिनी आत जाऊन रडली. भाऊ माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. सुटलो, असं मला वाटलं. उशीर झाला, पण फार नाही झाला. दुपारभर दोघं तशीच बसली होती. माय त्यांना लातूरचं सांगत होती, डॉक्टर किती तरणा होता, डोळ्याला पट्टी बांधल्यावर तिला चहाची बशी कशी सापडेना.

दिवस मावळायला लागला. खाली रस्त्यावर गाड्यांची गर्दी वाढली. आबांनी मान खिडकीकडं फिरवली, मुठीतला पदर सोडला आणि हाळी दिली.

जवळून ती फार भयंकर होती. मानेच्या शिरा तटतटल्या, डोळे वर गेले. माय हात धरून होतीच. ती म्हणाली, ओ, मी हितंच हाय. त्यांनी पुन्हा हाळी दिली. तिनं त्यांच्या तोंडापुढं तोंड नेलं, गालावरून हात फिरवला, हितं हाय की हो म्हणाली. ते तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत होते. तिसरी हाळी गेली, चौथी गेली, आवाज चढत चालला. भिंतीपलीकडं बाळ रडायला लागलं. भावाची नजर फडताळातल्या गोळ्यांकडं गेली, ती मी पाहिली आणि मायनंही पाहिली.

मायनं त्यांचा हात अलगद खाली ठेवला. उठली. अनोळखी घरात भिंतीला हात लावत, मधली खोली ओलांडून ती स्वयंपाकघरात गेली, अगदी शेवटी, भांडी घासायच्या जागेपाशी, जिथून पलंग दिसत नाही. आणि तिथून तिनं पूर्ण गळ्यानं ओऽऽ दिली.

आबा थांबले. अंग सैल पडलं. मान उशीवर टेकली आणि ते दाराकडं बघत वाट पाहू लागले. थोड्या वेळानं माय पाण्याचा तांब्या घेऊन आली, चमच्यानं त्यांना पाणी पाजलं, आणि त्यांनी तिला ओळखून पुन्हा पदर धरला.

त्या वेळेला ते मनानं बांधावर असायचे. बांधावरच्या माणसाला ओ आखाड्यातूनच यायला हवी. पलंगावर शेजारी बसलेली बाई कोणी का असेना, ती त्यांची बायको नव्हती, कारण बायको घरी होती. इतकं साधं होतं ते. भावानं एकदा, मायचे गुडघे दुखतात म्हणून, स्वयंपाकघरातून स्वतः ओ देऊन पाहिली. मीही दिली, मायसारखी हुबेहूब. आम्हाला त्यांनी दाद दिली नाही.

मी डब्यांसाठी लातूरला परतले आणि दर रविवारी यायला लागले. माय नांदेडलाच राहिली. तिचे डोळे छान झाले, लांबचं स्पष्ट दिसायला लागलं. दिवसभर ती त्यांच्या पलंगाला लागून बसे. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं तीच करायची. पण खिडकीतला उजेड पिवळा झाला की ती त्यांच्या मुठीतून पदर सोडवून उठायची. एका रविवारी ती मला म्हणाली, "दिसभर हात धरून बसते. नेमका त्या येळेला सोडावा लागतो. तवाच त्यांना मी लागते, आन् तवाच मला जवळ बसता येत न्हाई." तिच्यासाठी मी काहीही केलं असतं, आणि करण्यासारखं काही नव्हतं.

होळीच्या आधीचा रविवार होता. आबा सकाळपासून मलूल होते. पाणीही गिळेनात. डॉक्टर येऊन गेला आणि दारात भावाशी हळू आवाजात बोलून गेला. माय सगळं समजून होती. आज उठू नको, असं मी तिला म्हणाले. आज इथंच बस, हात धरून बस. तिनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, आन् त्यांनी हाळी दिली तर? पदर सोडवायला तिला त्या दिवशी काही कष्ट पडले नाहीत, मूठ सैलच होती. ती उठून आत गेली. तिच्या जागेवर मी बसले आणि आबांचा हात माझ्या हातात घेतला.

खिडकीबाहेर दिवे लागले. आबांनी मान फिरवली नाही. त्यांचा श्वास लांबला, मध्येच थांबला, पुन्हा आला. ओठ किंचित उघडले. मी खाली वाकले, कान तोंडाशी नेला, आता तरी नीट ऐकावं म्हणून. आवाज निघाला नाही. श्वास गेला तो पुन्हा आला नाही.

आत माय वाट बघत उभी होती. हाळी येईना. बराच वेळ झाला. आणि मग, हाळी आलेली नसताना, तिनं आपणहून ओऽऽ दिली. मला उठून आत जायचं होतं, तिला सांगायचं होतं. आबांचा हात माझ्या हातात होता, तो मला सोडवेना. भाऊ दारात भिंतीला टेकून तोंड दाबून उभा होता.

आतून तिनं पुन्हा ओ दिली, आधीपेक्षा मोठ्यानं.